तात्याबाचा मोवर आणि आबांचं ‘येऊ दे’

तात्याबा कोळप्यानं आयुष्याची पहिली छत्तीस वर्षं मेंढरांच्या मागून चालण्यात घालवली आणि सदतिसाव्या वर्षी तो ट्रॅक्टरवर बसला. फरक लहान नव्हता. आजवर कळप पुढं आणि तो मागं. आता तो पुढं आणि यंत्र मागं. पहिले पंधरा दिवस त्याची मान मागंच वळलेली असायची. यंत्र येतंय ना, कुणाच्या उसात तर शिरलं नाही ना, याची त्याला खात्री करून घ्यावी लागे. संध्याकाळी ट्रॅक्टर उभा केला की तो एक फेरी मारून चाकं मोजायचा. ट्रॅक्टरची चार, मोवरची दोन. सहा भरली की मगच घरी.

हा मोवर म्हणजे गवत कापायचं यंत्र. टेकपिंपळच्या दूध संस्थेनं ते शहाण्णवच्या दसऱ्याला आणलं. टेकपिंपळ हे गाव केडगाव स्टेशनाच्या उत्तरेला, भीमेच्या अलीकडं. नदीपलीकडं शिरूर तालुका आणि तात्याबाची सासुरवाडी. संस्थेनं ओढ्याकडेच्या सहा एकरांत चारा पेरला होता. विळ्यानं तो कापता कापता माणसं वाकून जात, म्हणून हे यंत्र आलं. बाजेएवढा रुंद लोखंडी सांगाडा, ट्रॅक्टरच्या पाठीला अडकवलेला. पोटाखाली गरगर फिरणारी पाती, आणि शेपटाला दोन बुटकी चाकं. ही चाकं जमिनीवरून पळतात म्हणून पाती मातीत घुसत नाहीत. प्रत्येक चाक एका उभ्या दांड्यावर बसवलेलं. त्या दांड्याला सगळं गाव शाफ्ट म्हणे. शाफ्ट सरळ, तर सगळं सरळ. तो वाकला की चाक लंगडं, यंत्र एका अंगाला कलतं, आणि रान असं दिसतं, जणू नवशिक्या न्हाव्यानं झोपेतल्या माणसाची हजामत केली आहे.

या मोवरवर ड्रायव्हर म्हणून तात्याबाची निवड संस्थेचे चेअरमन मारुतराव यांनी स्वतः केली. गाव त्यांना आबा म्हणे. आबांचं म्हणणं होतं, “मेंढरं राखनारा मानूस घाई करत न्हाई. गवताच्या कामाला असाच पायजे.” तोवर तात्याबाचा बाप म्हातारा होऊन बसला होता, मेंढरं विकली होती आणि तात्याबाला आपल्या पायांचं काय करावं हे कळत नव्हतं. खुर्चीवर बसायचं कसं, हेसुद्धा त्याला नीट माहीत नव्हतं. बसायला मिळालेली पहिली जागा म्हणजे ती ट्रॅक्टरची सीट. तिच्यावर त्यानं बापाचं घोंगडं घडी करून अंथरलं. चढण्याआधी तो वहाणा खाली काढून ठेवायचा. ब्रेक मारताना पायाबरोबर तोंडानंही “ठर्र्र्र हॅ” करायचा, मेंढरं थांबवायला करायचा तसंच. एकदा सरूबाई, संस्थेत दूध मोजून घेणारी बाई, त्याला म्हणाली, “तात्याबा, निसता पाय दाबला तरी थांबतंय ते.” तात्याबा म्हणाला, “थांबतंय, पन सांगितलेलं बरं.”

घरी त्याची बायको म्हाळसा याच्याही पुढं होती. नदीपलीकडच्या तिच्या भावानं “दाजी डायवर झालं” असं चार गावांत करून सोडलं होतं. भाऊबीजेला माहेरी गेली तेव्हा पाटावर बसताना ती अशी बसली, की जणू तिच्यामागंही दोन चाकं आहेत.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना शाफ्ट वाकला.

कसा वाकला, हे सांगण्याआधी आबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडं कोणतंही वाहन मागं येऊ लागलं की जवळचा माणूस हातातलं काम टाकून त्याच्या मागं जातो, हात हलवतो आणि “येऊ दे, येऊ दे” म्हणतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. पण ते वाहन आपण सांगितल्याशिवाय मागं जाऊ शकणार नाही, अशी त्याची श्रद्धा असते. आबांच्या बाबतीत ही श्रद्धा नव्हती, हा हुद्दा होता. गावात बैलगाडी वळो, लग्नाची जीप येवो, यवतहून मुक्कामाची एसटी येवो, आबा मागं उभे. उजवा हात बोलावतोय, डावा हात धोतराच्या सोग्यावर. एकदा ते कामानिमित्त दौंडला गेले होते. तिथं जंक्शनवर इंजिन डब्यांना जोडायला मागं येत होतं. आबा फलाटावरून म्हणाले, “येऊ दे, येऊ दे.” इंजिन बरोबर येऊन जोडलं गेलं. त्या दिवसापासून त्यांचा आत्मविश्वास तुम्हा-आम्हाला पेलणार नाही असा झाला होता.

मोवर ठेवायची जागा म्हणजे संस्थेच्या मागची पत्र्याची शेड. शेडच्या मागच्या भिंतीला गुडघाभर उंचीचा दगडी ओटा, ओट्यावर दुधाचे कॅन. आबांचा नियम असा, की ट्रॅक्टर शेडमध्ये उलटा शिरला पाहिजे, तोंड रस्त्याकडं. “बॉनेटवर संस्थेचं नाव घातलंय ते भिंतीला वाचून दाखवायचंय का?” हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यामुळं रोज संध्याकाळी तात्याबा उलटा यायचा, दूध घालायला आलेलं निम्मं गाव बघत उभं राहायचं आणि आबा मागं ओट्यापाशी उभे राहून म्हणायचे, “येऊ दे. येऊ दे. आनखी. आरं येऊ दे की, भितो काय? येऊ दे... येऊ दे...”

मग खाडकन आवाज यायचा.

मग आबा म्हणायचे, “बास!”

सीटवरून तात्याबाला मोवरचा पत्रा दिसे, त्याआडची बुटकी चाकं दिसत नसत. आबांवर भरवसा ठेवण्याशिवाय त्याला गती नव्हती. आणि तो खाडकन आवाज म्हणजे यंत्र टेकल्याचा आवाज, असाच त्याचा समज होता. आबांचाही तोच समज होता. “आवाज आला की जागेवर बसलं,” असं ते सांगत.

पहिल्यांदा शाफ्ट वाकला तो मार्गशीर्षात. सकाळी गवतात नेलं तर मोवर तिरका. तात्याबानं स्वतःलाच दोष दिला. बांधावरून आपण जोरात गेलो असू, दगड लागला असेल. आबांनीही तेच ऐकवलं, “बांध दिसत न्हाई व्हय? मेंढराला चार पाय असत्यात, ते उडी मारतंय. चाकाला कुठं पाय असत्यात?” शाफ्ट यवतला हायवेच्या कडेच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन सरळ केला. त्यानंतर तात्याबा रानातून असा जायचा की जणू अंड्यांच्या टोपल्या वाहतोय. बांध आला की उतरायचा, बघायचा, लिफ्टनं मोवर उचलायचा, पुन्हा चढायचा. दिवसभर हे चाले. संध्याकाळी शेडमध्ये उलटं येताना खाडकन आवाज. “बास!”

दुसऱ्यांदा वाकला तेव्हा त्यानं एक युक्ती केली. शेडच्या वाटेतच एखादा दगड असेल असं वाटून मागं येताना मोवर उचलूनच घेतला, म्हणजे खाली काही लागायलाच नको. मोवर अधांतरी ओट्याच्या वर गेला आणि बुटक्या चाकांनी दुधाचे दोन भरलेले कॅन असे हळूच खाली ढकलले, की जणू म्हशीनं शिंगानं रेडकू सारलं. दूध शेडभर झालं. गावातली कुत्री त्या दिवशी धन्य झाली. आबांनी तिथल्या तिथं फर्मान काढलं, “हितनं पुढं मोवर खाली टेकवूनच मागं यायचं. उचललेलं असलं की मला अंदाज येत न्हाई.”

“आबा, टेकवलेला असताना...” तात्याबा म्हणू लागला.

“टेकवलेला असताना काय? मी हाय की मागं.”

तात्याबा रिकामे कॅन उचलायला वाकला.

तिसऱ्यांदा शाफ्ट वाकला तेव्हा आबांनी संस्थेच्या दारात, सगळ्यांच्या देखत, कॅनच्या झाकणावर हात आपटून सांगितलं, “आता चौथ्यांदा वाकला तर किल्ली विक्रमकडं जाईल. मग मला कुनी काय बोलायचं न्हाई.”

विक्रम म्हणजे आबांचा पुतण्या. वय चोवीस, केस मानेपर्यंत, आणि ट्रॅक्टर चालवायला मिळेल या आशेवर त्यानं टेपरेकॉर्डर आधीच घेऊन ठेवलेला. तो गर्दीत उभा होता. त्यानं ट्रॅक्टरच्या सीटकडं पाहिलं, तिच्यावरचं घोंगडं पाहिलं आणि नाक असं केलं, की घोंगडं पहिल्याच दिवशी जाणार हे सगळ्यांना कळलं.

तात्याबा घरी आला आणि जेवला नाही. म्हाळसानं विचारलं, “वाकला?”

“वाकला.”

“कुनी वाकवला?”

“मीच असंन. डायवर मी हाय.”

“तुमी मेंढराच्या पायात काटा गेला तर रात्रभर बसून काढनारी मानसं,” म्हाळसा म्हणाली, “तुमच्या हातनं लोखंड वाकतंय व्हय? नीट बघा तरी एकदा त्याला. लंगडं मेंढरू आलं की आधी काय बघत व्हता?”

तात्याबा मेंढराचा कुठला पाय, कुठल्या बाजूनं सुजलाय ते आधी बघायचा. काटा नेहमी सुजेच्या उलट अंगानं शिरलेला असतो. शाफ्टच्या बाबतीत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोखंड सुजत नाही, हे कारण.

दुसऱ्या दिवशी तो यवतला वेल्डिंगवाल्या भिमाजी मिस्त्रीकडं गेला. आता या दुकानात त्याची इतकी ओळख झाली होती, की मिस्त्री त्याला बघताच चहा सांगायचा. तात्याबानं शाफ्ट पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “मिस्त्री, सरळ करायच्या आधी सांगा, ह्याला मारलं कुठनं?”

भिमाजीनं शाफ्ट फिरवून पाहिला, डोळ्याला लावून पाहिला, आणि हसायला लागला. “पाव्हणं, तीनदा आलासा. तिन्ही येळेला एकाच अंगाला वाकलेला हाय. तुमी रानात पुढं जाताना दगडावर घातला तर चाक मागं ढकललं जाईल, शाफ्ट मागं वाकंल. ह्यो पुढं वाकलाय. ट्रॅक्टरकडं. ह्याला मागनं मार बसलाय.”

“मागनं?”

“तुमी रिव्हर्समदी कशाला तरी धडकताय. टेकवलेला असताना. तुमच्या मागं कोन उभं असतंय?”

तात्याबानं कप तोंडाला लावला. चहा पिऊन झाला, बशी पालथी घातली. मग म्हणाला, “कुनी न्हाई. चेअरमन.”

भिमाजी मिस्त्री शहाणा माणूस. त्यानं भाता चालू केला. शाफ्ट भट्टीत घातला.

आता तात्याबाला सगळं माहीत होतं आणि ते सांगण्याची सोय नव्हती. आबा, शाफ्ट तुम्ही वाकवता, हे वाक्य टेकपिंपळमध्ये आजवर कुणी म्हटलं नव्हतं. अशा आकाराचं वाक्य गावात बनतच नसे. यवतहून परत येताना त्यानं ते एकदा वाऱ्यावर म्हणून पाहिलं. वाऱ्यानंही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हा त्यानं एक ठोकळा आणला. ओढ्याकडेला बाभूळ पडली होती, तिचा मांडीएवढा जाड तुकडा. शेडमध्ये जिथं ट्रॅक्टरची मोठी चाकं असायला हवीत तिथं जमिनीत वीतभर खळगी केली, ठोकळा आडवा रोवला आणि वर पेंढा पसरला. हिशोब साधा होता. मोठं चाक ठोकळ्याला टेकलं की ट्रॅक्टर थांबणार, आणि मोवरची बुटकी चाकं ओट्यापासून वीतभर अलीकडं राहणार. मग मागं कुणी येऊ दे म्हणो की ढोल वाजवो.

त्या संध्याकाळी आबा नेहमीसारखे उभे राहिले. “येऊ दे. येऊ दे. आनखी येऊ दे...” ट्रॅक्टर ठोकळ्याला टेकून थांबला. खाडकन आवाज झाला नाही. आबा क्षणभर चमकले. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी वाकून ओट्याकडं पाहिलं आणि गर्दीकडं वळून म्हणाले, “बास! बघितलं? वीतभर. दोरी लावून मोजा.”

दोरी लावायची गरज नव्हती. तीन आठवडे रोज वीतभर. रोज आबा अधिक खुश. मकरसंक्रांतीलासुद्धा वाकडं बोलणारा गडीही आता म्हणू लागला, की आबांचा हात बसला. एक दिवस आबा स्वतःच तात्याबाला म्हणाले, “चूक तुझी नव्हती रं फार. तुला सांगनारा मानूस नीट सांगत नव्हता, म्हंजी मी थोडं जोरात बोलायला पायजे व्हतं. आता बोलतो.” आणि ते जोरात बोलू लागले. पार ओढ्यापर्यंत ऐकू जाई. तात्याबा ठोकळ्याला टेके, “ठर्र्र्र हॅ” म्हणे आणि उतरून सहा चाकं मोजे.

त्या तीन आठवड्यांच्या शेवटी होळी आली.

होळीला लाकूड चोरायचं असतं, ही गोष्ट इथं कुणी शिकवत नाही. आठवडाभर आधीपासून गावातली मोडकी दारं, खाटा, कुंपणाचे खांब घरात ओढून ठेवावे लागतात. आणि एकदा लाकूड होळीत गेलं की परत मागायचं नाही; मागणाऱ्याला सगळं गाव नावं ठेवतं. या वर्षी तरुण मंडळाचा म्होरक्या विक्रम होता.

होळीच्या दिवशी दुपारी तात्याबा गवत कापून येत होता. गावाच्या वेशीत होळी रचून तयार होती. शेणी, पाचट, एक तुटकी बाज, आणि मधोमध उभा केलेला एक बाभळीचा ठोकळा. तात्याबानं ट्रॅक्टर थांबवला. इतका अचानक, की तोंडानं ठर्र्र् म्हणायचंही राहून गेलं. ठोकळ्यावर त्याच्याच ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी उमटलेली होती, सुबक, तीन आठवड्यांची.

विक्रम पारावर बसला होता. “काय तात्याबा, बघताय काय? बाभळीचं हाय. लई जळंल.”

“कुठं घावलं रं?”

“शेडमदी पेंढ्याखाली व्हतं. उगं पडल्यालं.” विक्रम हसला. “मी म्हनलं, पेंढ्याखाली कशाला लपवायचं? हितं उघड्यावर छान दिसतंय का न्हाई?”

विक्रमला सगळं कळलं होतं. संध्याकाळी होळीसाठी अख्खं गाव जमणार, दूध लवकर घालणार, म्हणजे ट्रॅक्टर उलटा येताना बघायला गर्दी दुप्पट. आणि नवा ठोकळा आणून रोवायला तात्याबाला ना वेळ होता ना आडोसा. शेडमध्ये आता सरूबाई कॅन लावत होती.

तात्याबा ओढ्यावर गेला, मोवरला पाणी मारलं, आणि दगडावर बसला. संध्याकाळपर्यंत दोन तास होते. त्यानंतर घोंगडं काखेत मारून घरी जायचं, आणि नदीपलीकडच्या मेव्हण्याला काय सांगायचं हे म्हाळसानं ठरवायचं.

त्याला बापाचं एक कुत्रं आठवलं. तांबडं, आडदांड, आळशी. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, दाराशी राखणीला बसवलं की घोरायला लागायचं. कोकरं त्याच्या अंगावरून उड्या मारून बाहेर जायची. बापानं त्याला कधी मारलं नाही. एक दिवस त्याची भाकरी त्याच्या पुढ्यात न टाकता वाघरीच्या दारात ठेवली. त्या दिवसापासून कुत्र्याचा डोळा मिटला नाही. दारातून कोकरू काय, माशी गेली नाही. बाप म्हणाला होता, “दुसऱ्याचं राखताना झोप येती त्याला.”

तात्याबा उठला. मनातल्या मनात त्यानं आबांची माफी मागितली, कारण कुठं आबा आणि कुठं ते तांबडं. मग तो संस्थेकडं निघाला.

आबांनी त्या माघात नवी मोटारसायकल घेतली होती. तिच्या टाकीवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, सीटवरचंही नाही. त्यामुळं आबा गाडीवर बसले की फरसाणाची पुडी उघडल्यासारखा आवाज यायचा. गाडी ते संस्थेपुढच्या लिंबाखाली लावत आणि दर दहा मिनिटांनी उपरण्यानं पुसत.

“आबा,” तात्याबा म्हणाला, “गाडी हितंच ऱ्हानार व्हय आज?”

“का रं?”

“न्हाई, मी आपलं म्हनलं. पोरास्नी दम कुठं हाय उद्यापत्तोर. विक्रमच्या मंडळानं आत्ताच शेन आन् राख कालवून बादल्या भरल्यात म्हनं. वेशीत एका पाव्हण्याच्या सायकलीला आंघोळ घातली.”

हे पाव्हणे तात्याबानं तिथल्या तिथं जन्माला घातले होते. पण बादल्या खऱ्या होत्या.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी प्लास्टिकवरून हात फिरवला. “मग कुठं लावू?”

“शेडमदी लावा की. पार आत, ओट्याला चिकटून. माझा ट्रॅक्टर म्होरं लागला की पोरांना आत शिरायला वाटच न्हाई. तुमची गाडी माझ्या पाठीशी, बिनघोर.”

“तुझं डोकं चालतंय कधी कधी,” आबा म्हणाले आणि गाडी स्वतः ढकलत आत घेऊन गेले. ओट्याला समांतर, अगदी चिकटून लावली. हँडलला कुलूप घातलं. पुसली.

संध्याकाळी दुप्पट गर्दी होती. विक्रम पुढंच उभा, हाताची घडी घालून. म्हाळसा पुरणाचं ताट झाकून घेऊन होळीकडं निघाली होती, ती वाटेत थांबली, पण बघवेना म्हणून पुढं गेली. तात्याबानं मोवर फर्मानाप्रमाणं खाली टेकवला आणि रिव्हर्स गिअर टाकला.

“येऊ दे!” आबांनी आरोळी दिली. “येऊ दे! येऊ दे...” आणि मग त्यांचं लक्ष गाडीकडं गेलं. “बास!”

तात्याबा थांबला. ट्रॅक्टरचं अर्धं अंग अजून रस्त्यावर होतं.

“आबा, अजून आठ हात हाय!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“मला दिसतंय! येऊ दे. हळू. आरं हळू म्हनलं ना! येऊ दे... येऊ... थांब!” आबा मागं धावले, मोटारसायकल आणि मोवर यांच्यामधलं अंतर हातानं मोजलं, परत आले. “पाच हात. एक हात ये. एकच. बास! आता वीतभर. तुझी न्हाई, माझी वीत. बास, बास, बास!”

असं कधी झालं नव्हतं. जो माणूस आजवर धडकल्यावर बास म्हणे, तो आता धडकायच्या आधी अकरा वेळा म्हणाला. सरूबाईनं मोजलं. शेवटच्या दोन हातांसाठी तर आबा धोतर सावरून चक्क गुडघ्यांवर बसले आणि मान जमिनीला लावून मोवरच्या खाली बघू लागले. तात्याबा ब्रेकवर पाय ठेवून सीटवर. आबा बराच वेळ उठले नाहीत.

मग खालून त्यांचा आवाज आला, एकदम वेगळा, घरातल्या माणसाशी बोलावा तसा. “तात्याबा, हे चाक पत्र्याच्या इतकं मागं असतंय व्हय रं?”

“व्हय आबा. हातभर मागं असतंय.”

“मी आपला त्या मोठ्या चाकाकडं बघून...” आबा बोलायचे थांबले. उठले. गुडघे झटकले.

“म्हंजी इतके दिस आबाच...” सरूबाईनं सुरुवात केली.

“सरूबाई, दूध मोजा,” आबा म्हणाले. “ताटकळल्यात मानसं.”

मग ते गर्दीकडं वळले, आणि चेअरमन परत त्यांच्या अंगात आला. “हितं चाकाला अडसर पायजे. पक्का, सिमेंटचा, आडवा. मोठं चाक तिथं टेकलं की मागचं सुरक्षित. मी कवापास्नं म्हनतोय, कुनी ऐकंल तर शपथ. तात्याबा, म्हनत व्हतो का न्हाई?”

“व्हय आबा. तुमीच म्हनत व्हता.”

“पन चुलते,” विक्रम न राहवून पुढं आला, “तिथं ठोकळा व्हताच की! ह्यो तात्याबा रोज ठोकळ्याला टेकवून...”

“कुठं हाय ठोकळा?” आबांनी विचारलं.

विक्रमनं वेशीकडं पाहिलं. तिथं होळीला अग्नी दिला गेला होता आणि बोंबा सुरू झाल्या होत्या.

“संस्थेच्या शेडमधलं लाकूड चोरलंस?” आबा म्हणाले. “आन् किल्ली मागतोस?”

पुढल्याच आठवड्यात शेडमध्ये सिमेंटचा अडसर झाला. ओल्या सिमेंटवर आबांनी काडीनं स्वतःचं नाव आणि साल घातलं. तो अडसर झाल्यावर शाफ्ट एकदाही वाकला नाही. तात्याबा त्या सीटवर पुढची नऊ वर्षं बसला, घोंगडं विरेपर्यंत. आबा आसपासच्या गावांना अडसर कसा बांधावा हे समजावून सांगत फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी तिथला ट्रॅक्टर मागं घेऊन दाखवला. तिथं काय काय वाकलं, ते त्या गावांनी सांगायचं.

पण त्या होळीच्या संध्याकाळी तात्याबा सहा चाकं मोजून वेशीत आला तेव्हा म्हाळसा नैवेद्य दाखवून उभी होती. मधला ठोकळा लालभडक झाला होता, तडतडत होता, आणि टायरची नक्षी अजून ओळखू येत होती.

“वाकला?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मग आबा काय म्हनलं?”

तात्याबानं नारळ होळीत टाकला आणि हात झटकले.

“बास म्हनलं,” तो म्हणाला. “येळेवर.”